जलोदराची नळी आणि हकीम अल-जहरावी

वाचकहो, आपल्या घरात कोणाची दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया झाली असेल, तर पोटावरील अर्ध्या-एक सेंटीमीटरचे छेद आपण पाहिलेच असतील. त्या छेदातून आत जाते ती 'ट्रोकार' नावाची टोकदार सळई आणि तिच्यावरील नळी. सळई काढून घेतली की नळी वाट म्हणून उरते. या नळीचा माग काढत गेलात, तर आपण हजार वर्षांपूर्वीच्या अंदलुसमध्ये पोहोचाल.

अबुल कासिम खलफ इब्न अब्बास अल-जहरावी यांचा जन्म इ.स. ९३६ च्या सुमारास कुर्तुबाजवळील मदीनतुज्जहरा येथला. घराणे मदीनेच्या अन्सारांशी नाते सांगणारे. त्यांच्या खासगी आयुष्याविषयी फारच थोडे लिहिले गेले. त्यांची ओळख पटते ती 'अत-तसरीफ' या ३० भागांच्या ग्रंथातून. शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा असून त्यात सुमारे २०० उपकरणांच्या आकृत्या आहेत.

जलोदराचे प्रकरण आपण अवश्य समजून घ्यावे. दुखणे आतड्यांचे असेल तर बेंबीखाली तीन बोटांवर छेद घ्यावा, यकृताचे असेल तर डावीकडे, प्लीहेचे असेल तर उजवीकडे, असे ते सांगतात. मग छेदातून चांदीची किंवा तांब्याची सच्छिद्र नळी सरकवून पाणी काढावे. मात्र सगळे पाणी एकदम काढू नये, त्याने रोगी दगावू शकतो. पोट टोचून पाणी काढण्याची रीत यूनानी वैद्यांनाही ठाऊक होती, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. अल-जहरावींनी ती शिष्यांपुढे आकृतीसह मांडली. गळू फोडताना रोग्याने भिऊ नये म्हणून पाते आत दडलेली सुरीही त्यांच्या ग्रंथात आहे!

हे सारे लिहिण्यामागे एक वेदना होती. शरीररचना न जाणणाऱ्या एका वैद्याने एका स्त्रीच्या मानेवरील गाठ कापताना रक्तवाहिन्या छेदल्या आणि ती त्याच्यासमोरच रक्तस्रावाने मरण पावली. ही हकीकत त्यांनी शिष्यांना, ज्यांना ते आपली मुलेच म्हणत, मुद्दाम सांगितली.

त्यांच्या अखेरच्या वर्षांत अंदलुसमध्ये यादवी माजली, मदीनतुज्जहरा लुटले गेले. इ.स. १०१३ च्या सुमारास त्यांचा इंतकाल झाला. शहर उजाड झाले, पण हस्तलिखितांच्या नकला होत राहिल्या. बाराव्या शतकात तुलैतुला येथे क्रेमोनाच्या जेरार्ड यांनी शस्त्रक्रियेचा भाग लॅटिनमध्ये आणला आणि त्या आकृत्या युरोपातील वैद्यांच्या हाती पडल्या.