रॉबर्ट नीलँड
रॉबर्ट रीज नीलँड (१७ फेब्रुवारी, इ.स. १८९२ - २८ मार्च, इ.स. १९६२) हे अमेरिकन फुटबॉलमधील प्रशिक्षक व अमेरिकेच्या भूदलातील अधिकारी होते. टेनेसी विद्यापीठाच्या संघाचे ते तीन कालखंडांत मिळून २१ हंगाम मुख्य प्रशिक्षक होते. महाविद्यालयीन फुटबॉलमधील बचावतंत्राच्या प्रमुख शिल्पकारांत त्यांची गणना होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने २१६ सामन्यांपैकी १७३ जिंकले, ३१ गमावले व १२ बरोबरीत सोडवले. यांपैकी ११२ सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला एकही गुण मिळाला नाही.

सुरुवातीचे जीवन
नीलँड यांचा जन्म टेक्सास राज्यातील ग्रीनव्हिल येथे झाला. टेक्सासमध्ये काही काळ महाविद्यालयीन शिक्षण घेतल्यावर त्यांना वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीत प्रवेश मिळाला. तेथे त्यांनी फुटबॉल, बेसबॉल व मुष्टियुद्ध या तिन्ही खेळांत नाव मिळवले. इ.स. १९१६मध्ये पदवी घेऊन ते भूदलाच्या अभियंता दलात दाखल झाले. पहिल्या महायुद्धात त्यांनी फ्रान्समध्ये सेवा केली. नंतर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे अभियांत्रिकीचे पुढील शिक्षण घेऊन ते वेस्ट पॉइंटला परतले. तेथे त्यांनी अकादमीचे प्रमुख डग्लस मॅकआर्थर यांचे साहाय्यक अधिकारी आणि फुटबॉल संघाचे साहाय्यक प्रशिक्षक म्हणून काम केले.

प्रशिक्षक कारकीर्द
इ.स. १९२५मध्ये नीलँड नॉक्सव्हिल येथील टेनेसी विद्यापीठात लष्करी शिक्षणाचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. पुढील वर्षी नेथन डोहर्टी यांनी त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. त्या काळी शेजारच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाकडून टेनेसीचा जवळजवळ दरवर्षी पराभव होत असे. हे चित्र बदलणे ही त्यांच्यावरील पहिली जबाबदारी होती. इ.स. १९२६मध्ये टेनेसी हरला, १९२७मध्ये सामना बरोबरीत सुटला आणि १९२८मध्ये टेनेसीने ६-० असा विजय मिळवला. त्यानंतर या चुरशीत टेनेसीचे पारडे जड राहिले.

इ.स. १९३५मध्ये भूदलाने त्यांना पनामा येथे पाठवले. त्यांच्या अनुपस्थितीत संघाने चार सामने जिंकले व पाच गमावले. इ.स. १९३६मध्ये नीलँड लष्करातून निवृत्त होऊन पुन्हा प्रशिक्षकपदी आले. इ.स. १९३८चा हंगाम संघाने अपराजित राहून पूर्ण केला. इ.स. १९३९च्या नियमित हंगामात तर दहाही प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण मिळवता आला नाही. अशी कामगिरी त्यानंतर कोणत्याही मोठ्या महाविद्यालयीन संघाला साधलेली नाही. मात्र १ जानेवारी, इ.स. १९४० रोजी रोझ बोल सामन्यात सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्यांना १४-० असे हरवले. इ.स. १९३८ ते १९४० या काळात नियमित हंगामांतील सलग १७ सामन्यांत टेनेसीने प्रतिस्पर्ध्याला गुण मिळू दिला नव्हता.

दुसरे महायुद्ध
इ.स. १९४१मध्ये नीलँड यांना पुन्हा लष्करी सेवेत बोलावण्यात आले. चीन-ब्रह्मदेश-भारत युद्धक्षेत्रात त्यांच्याकडे रसदपुरवठ्याचे काम होते. कलकत्ता येथील अमेरिकन लष्करी तळाचे ते प्रमुख होते. या सेवेत ते ब्रिगेडियर जनरल पदापर्यंत पोहोचले आणि पुढे जनरल या नावानेच ओळखले गेले.

उत्तरार्ध
इ.स. १९४६मध्ये ते नॉक्सव्हिलला परतले. आक्रमण व बचाव यांसाठी वेगवेगळे खेळाडू उतरवण्याची पद्धत तोपर्यंत रूढ होऊ लागली होती. नीलँड यांना ती पसंत नव्हती आणि जुनी सिंगल विंग रचनाही त्यांनी सोडली नाही. काही हंगाम सामान्य गेल्याने ही पद्धत कालबाह्य झाल्याची टीका झाली. तरीही इ.स. १९५१मध्ये नियमित हंगामातील दहाही सामने जिंकून संघ राष्ट्रीय विजेता ठरला. तेव्हा अंतिम क्रमवारी बोल सामन्यांपूर्वी जाहीर होत असे. त्यामुळे शुगर बोलमध्ये मेरीलँडकडून झालेल्या पराभवाचा विजेतेपदावर परिणाम झाला नाही. इ.स. १९५२च्या हंगामानंतर प्रकृतीच्या कारणाने त्यांनी प्रशिक्षकपद सोडले. मृत्यूपर्यंत ते विद्यापीठाचे क्रीडा संचालक होते.

खेळपद्धती
अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू दहा यार्ड पुढे नेण्यासाठी संघाला चार प्रयत्न मिळतात. अडचणीच्या जागी हे प्रयत्न खर्चण्याऐवजी चेंडू लाथेने दूर धाडावा, प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच गोलरेषेजवळ अडकवावे आणि त्याच्या चुकीची वाट पाहावी, असे नीलँड यांचे धोरण होते. इ.स. १९३२मध्ये अलाबामाविरुद्ध भर पावसातील सामन्यात टेनेसीने हेच केले. बीटी फेदर्स यांनी वीसहून अधिक वेळा चेंडू दूर धाडला. अखेर अलाबामाच्या एका चुकीचा लाभ घेऊन टेनेसीने ७-३ असा विजय मिळवला. आपली तत्त्वे त्यांनी सात सूत्रांत मांडली होती. टेनेसीचे खेळाडू आजही सामन्यापूर्वी ती एकत्र म्हणतात. चित्रफितींवरून सामन्यांचा अभ्यास करणाऱ्या आरंभीच्या प्रशिक्षकांत त्यांचा समावेश होतो.

वारसा
इ.स. १९५६मध्ये नीलँड यांचा महाविद्यालयीन फुटबॉलच्या सन्मानदालनात समावेश झाला. त्यांचे खेळाडू बॉबी डॉड पुढे जॉर्जिया टेकचे नामवंत प्रशिक्षक झाले. नीलँड यांच्या काळात टेनेसीच्या संघात केवळ श्वेतवर्णीय खेळाडू असत. विद्यापीठाच्या फुटबॉल संघातून पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, लेस्टर मॅक्लेन, इ.स. १९६८मध्ये मैदानात उतरला. नीलँड यांचे निधन न्यू ऑर्लिन्स येथे झाले. त्याच वर्षी विद्यापीठाच्या मैदानाला नीलँड स्टेडियम असे नाव देण्यात आले. ते आले तेव्हा जेमतेम काही हजार प्रेक्षक मावणाऱ्या या मैदानाची क्षमता आता एक लाखाहून अधिक आहे.