पंडिता रमाबाई : उघड्या दाराआडची प्रार्थना

संस्कृत विदुषी आणि स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या म्हणून पंडिता रमाबाई देशभर परिचित आहेत. भारत सरकारने १९८९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीटही काढले. त्यांच्या दिनक्रमाचा कणा असलेल्या प्रार्थनेची चर्चा मात्र क्वचितच होते. वस्तुतः त्यांच्या सार्वजनिक आयुष्यातील सर्वांत कडवा वाद याच प्रार्थनेवरून उद्भवला होता.

२३ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेल्या रमाबाईंचे बालपण आईवडिलांसमवेत तीर्थयात्रेत गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले होते. रमाबाईंना ते आईकडून मिळाले. दुष्काळात आईवडील गेले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या उपाध्या दिल्या. त्यानंतरच्या चार वर्षांत भाऊ श्रीनिवास आणि पती बिपिनबिहारी मेधावी यांचेही निधन झाले. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी कन्या मनोरमेसह ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलवले. संस्थेत धर्मशिक्षण दिले जाणार नाही आणि मुलींना आपापले आचार पाळता येतील, असे आश्वासन होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे मान्यवर सल्लागार मंडळात होते, ते याच भरवशावर.

रमाबाई रोज आपल्या खोलीत मनोरमेसह शास्त्रवाचन आणि प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. आईच्या मायेने वागणाऱ्या बाईंकडे मुली एरवीही निःसंकोच येत-जात. त्यांतल्या काही प्रार्थनेच्या वेळीही येऊन बसू लागल्या. बोलावणे नव्हते आणि मज्जावही नव्हता. पालकांच्या कानावर ही गोष्ट गेली, केसरीने टीकेची झोड उठवली आणि १८९३ मध्ये सल्लागार मंडळाने राजीनामे दिले. अनेक मुलींना घरी नेण्यात आले.

या प्रकरणात दोन्ही बाजूंना आधार होता. ज्या बाईंवर मुलींचे सारे जीवन अवलंबून, त्यांच्या खोलीतील प्रार्थना केवळ खासगी राहत नाही, ही पालकांची शंका अगदीच निराधार नव्हती. दुसरीकडे, घरातील इतर सर्व वेळी उघडे असणारे दार देवाचे नाव घेताना लावून घ्यावे, हे रमाबाईंना मान्य होणे शक्य नव्हते. त्यांनी दार लावले नाही आणि त्याची किंमत मोजली.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगमुळे निर्बंध होते, म्हणून केडगाव येथील शेतजमिनीवर त्यांची सोय करण्यात आली. तेथेच मुक्तिसदन उभे राहिले. गुजरातच्या १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. इतक्या जणींचे जेवण, कपडे आणि आजारपण सांभाळताना प्रार्थनेसाठी वेगळा वेळ उरणे कठीणच. केडगावात ती कामाच्या दिवसातच मुरली. शेत, गोठा, हातमाग, तेलघाणा आणि छापखाना ही कामे मुलीच करीत. उपासनेची घंटा याच दिनक्रमाचा भाग होती. अंध मुली आणि वृद्ध स्त्रिया यांनाही तेथे आसरा होता.

१९०५ च्या प्रारंभी सुमारे ७० जणी रोज विशेष प्रार्थनेसाठी जमू लागल्या. जूनपर्यंत ही संख्या पाचशेच्या पुढे गेली आणि शेकडो मुली एकाच वेळी, मोठ्याने, अश्रू ढाळीत प्रार्थना करू लागल्या. काही मिशनऱ्यांनाही हा प्रकार अतिरेकी वाटला. रमाबाईंनी मात्र या मुलींवर परक्या शिस्तीचा साचा लादला नाही. भारतीय स्त्रिया आपल्या रीतीने देवाला हाक मारतील, अशी त्यांची भूमिका होती.

हीच दृष्टी त्यांच्या अखेरच्या कार्यात दिसते. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला स्वतः वाचून समजेल असे बायबल मराठीत असावे, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. लहानपणी पुराणांतील हजारो संस्कृत श्लोक मुखोद्गत केलेल्या या विदुषीने येथे जाणीवपूर्वक साधी बोली मराठी निवडली. हे काम अनेक वर्षे चालले. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीच्या छापखान्यात स्त्रियाच करीत होत्या.

या काळात त्यांना ऐकू येणे फारच कमी झाले होते. जुलै १९२१ मध्ये मनोरमेचे निधन झाले. संस्थेची धुरा जिच्या हाती द्यायची, तीच गेली. रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे झोपेतच त्यांची प्राणज्योत मालवली, तेव्हा भाषांतराचे काम त्यांच्या हातून पूर्ण झाले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडला.