सुतार आणि उपदेशक : थॉमस शेरेटन

आमच्या वाचकांपैकीं कांहींच्या हातांत रंधा व करवत असते, आणि कांहींच्या हातीं उपदेशाचें काम असतें. या दोन्ही वर्गांस उपयोगी पडेल असें एक चरित्र आज आम्ही सांगणार आहों. ज्या गृहस्थाचें हें चरित्र आहे त्यांचें नांव इंग्लंड व अमेरिका या देशांतील लाकडी सामानाच्या एका सबंध पद्धतीस मिळालें आहे. तरी त्यांच्या स्वतःच्या घरीं पाहुण्यापुढें ठेवावयास पुरेशा पेल्याबशाही नव्हत्या.

थॉमस शेरेटन यांचा जन्म इ. स. १७५१ मध्यें इंग्लंडच्या उत्तरेस टीज नदीकांठच्या स्टॉकटन या गांवीं झाला. मोठ्या विद्यालयांतील शिक्षण त्यांस मिळालें नाहीं. ते सुतारकाम शिकले, आणि चित्रें काढणें व भूमिति हे विषय त्यांनीं आपल्याच श्रमानें साध्य केले. ते बाप्तिस्मी मंडळीचे सभासद होते. इ. स. १७८२ त त्यांनीं नव्या जन्माच्या शिक्षणावर एक लहान पुस्तक छापविलें, आणि त्यांत आपण केवळ हातानें काम करणारे मनुष्य आहों हें लपवून ठेविलें नाहीं.

त्या काळीं युरोपांत घरें व सामान यांची तऱ्हा पालटत होती. इ. स. ७९ मध्यें व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालेलीं हर्क्युलेनियम व पाँपी हीं इटलींतील नगरें खणून काढण्याचें काम अनुक्रमें १७३८ व १७४८ या वर्षीं सुरू झालें. भिंतींवरील चित्रें, तिवया, दीप व भांडीं उजेडांत आलीं, आणि प्राचीन रोमी व ग्रीक लोकांची साधी, प्रमाणबद्ध रचना लोकांच्या मनांत भरली. रॉबर्ट अ‍ॅडम या शिल्पज्ञानें १७५४ पासून चार वर्षें परदेशांत, बहुतेक इटलींत, राहून ती रचना इंग्लंडांत आणिली. तेव्हांपासून वांकड्या पायांच्या व जड कोरीव कामाच्या खुर्च्या मागें पडूं लागल्या.

सुमारें १७९० त शेरेटन लंडन शहरीं राहावयास आले. तेथें १७९१ पासून १७९४ पर्यंत त्यांनीं सुतार व गाद्या मढविणारे कारागीर यांजकरितां आपला प्रसिद्ध चित्रग्रंथ भागाभागानें छापिला. सहाशेंहून अधिक धंदेवाल्यांनीं तो घेतला. नुसतीं सुंदर चित्रें देऊन ते थांबले नाहींत. ग्रंथाच्या आरंभीं भूमिति आणि वस्तु जशी डोळ्यांस दिसते तशी कागदावर काढण्याचें शास्त्र त्यांनीं विस्तारानें शिकविलें. नक्कल करणारा कारागीर दुसऱ्याच्या चित्राचा दास राहतो, परंतु ज्यास मूळ नियम समजला तो स्वतः नवें चित्र काढूं शकतो, हें ते जाणून होते.

त्यांच्या पद्धतीचीं लक्षणें ध्यानांत ठेवण्यास सोपीं आहेत. खुर्चीची पाठ बहुधा चौकोनी, व तिच्यांत सरळ उभ्या पट्ट्या. पाय सरळ, सडपातळ व खालीं निमुळते होत गेलेले. कधीं चौकोनी, कधीं गोल व त्यांवर उभ्या बारीक रेघा उठविलेल्या. खोल कोरीव कामाऐवजीं सपाट पृष्ठभाग. त्यावर किंमती लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवावयाचा, आणि दुसऱ्या रंगाच्या लाकडाच्या पट्ट्या, शंख किंवा फुलदाणी यांचें जडावकाम करावयाचें. महागनी तर होतेंच. पण पिवळसर, रेशमासारखें चकाकणारें सॅटिनवुड त्या वेळीं फार आवडीचें झालें होतें. तें वेस्ट इंडीज बेटांतून आणि हिंदुस्थान व लंका या बाजूंकडूनही जात असे. असें सामान दिसण्यांत हलकें असलें तरी सांधा अचूक नसेल तर तें टिकत नाहीं. म्हणून या साधेपणांत कारागिराची परीक्षा अधिक होते.

शेरेटन यांस युक्तीच्या वस्तूंचीही आवड होती. ज्याच्या आंतून पुस्तकें काढण्याची शिडी उघडते असें टेबल त्यांच्या ग्रंथांत आहे. उन्हाळ्यांत नवराबायकोस वेगवेगळें निजतां यावें म्हणून मध्यें वाट ठेविलेला जोडपलंगही त्यांत आहे.

आतां आश्चर्य हें कीं, शेरेटन यांनीं स्वतः केली असें निश्चयानें म्हणतां येईल अशी एकही खुर्ची आज दाखवितां येत नाहीं. लंडनमध्यें वॉर्डर स्ट्रीट या रस्त्यावर ते चित्रकला शिकवीत, इतरांस नमुने काढून देत, आणि पुस्तकें विकीत. त्यांच्या चित्रांवरून सामान करून दुसऱ्यांनीं पैसा मिळविला.

इ. स. १८०० त त्यांस बाप्तिस्मी मंडळीचे उपदेशक म्हणून दीक्षा मिळाली, आणि ते आपल्या उत्तरेकडील मुलखांत सेवा करूं लागले. परंतु थोड्याच वर्षांत ते पुनः लंडनला आले. १८०३ त त्यांनीं आपल्या धंद्याचा एक शब्दकोश प्रसिद्ध केला.

१८०४ त एडिंबरोचा अ‍ॅडम ब्लॅक नांवाचा वीस वर्षांचा तरुण त्यांजकडे सुमारें एक आठवडा कामास होता. हाच पुढें मोठा पुस्तकप्रकाशक झाला. त्यानें लिहून ठेविलेली हकीगत वाचून मन द्रवतें. अर्धें दुकान व अर्धें बिऱ्हाड अशी ती जागा अस्वच्छ होती, आणि शेरेटन यांच्या अंगांतील काळा कोट झिजून गेलेला होता. चहाच्या वेळीं घरांत दोनच पेलेबशा निघाल्या. पत्नीनें आपला पेला पाहुण्यास दिला व स्वतः मुलीप्रमाणें लहान वाटींतून चहा घेतला. आठवड्याच्या मजुरीबद्दल अर्धी गिनी मिळाली. ती थोडी होती, तरी या गरीब मनुष्यापासून ती घेतांना ब्लॅकला संकोच वाटला. शेरेटन विद्वान आहेत, चित्रकलेंत निपुण आहेत, परंतु ग्रंथकार, शिक्षक, दुकानदार व उपदेशक अशीं पुष्कळ कामें अंगावर घेतल्यामुळेंच ते दरिद्री राहिले, असा त्याचा अभिप्राय झाला.

१८०५ त शेरेटन यांनीं एक फार मोठा ज्ञानकोश आरंभिला, पण तो वर्णमालेच्या पहिल्या थोड्या अक्षरांपुढें गेला नाहीं. २२ आक्टोबर १८०६ रोजीं लंडन येथें त्यांचा अंत झाला. त्यांच्या मागें कुटुंब अडचणींत राहिलें.

आपल्या पुस्तकांत शेरेटन यांनीं चिपेंडेल या प्रसिद्ध कारागिराचे चाळीस वर्षांपूर्वींचे नमुने जुने झाले असें लिहिलें होतें. त्यांचे स्वतःचे नमुनेही कांहीं काळानें मागें पडले. मग लोकांनीं ते पुनः शोधून काढिले, आणि आज चिपेंडेल व शेरेटन हीं दोन नांवें एकाच ओळींत घेतलीं जातात. कोणतीही तऱ्हा कायमची नसते. नीट मापलेलें व मनापासून शिकविलेलें काम मात्र आपली जागा परत मिळवितें.

या चरित्रापासून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. ज्यास पुष्कळ गुण मिळाले आहेत त्यानें ते सर्व एकाच वेळीं खर्चूं नयेत. एक काम पुरें करून दुसऱ्यास हात घालावा, म्हणजे घरच्यांस उपास पडणार नाहीं. आणि जो आपणांस ज्ञान देतो, मग तो कारखान्यांतला असो कीं मंडळींतला, त्याच्या घरीं चूल पेटली आहे कीं नाहीं हें विचारणें शिकणाऱ्यांचें काम आहे. सहाशें लोकांनीं शेरेटन यांचा ग्रंथ घेतला. त्यांच्या पत्नीस तिसरा पेला मात्र कोणीं दिला नाहीं.