कॉर्नेलिया सोराबजी

रोजच्या जीवनात लहानमोठे तंटे होतच असतात. शेताच्या बांधावरून भाऊबंदांत वाद होतो. घरमालक आणि भाडेकरू यांचे पटत नाही. उसने दिलेले पैसे वेळेवर परत मिळत नाहीत. एखाद्या विधवेला तिच्या हक्काचा वाटा कोणी देत नाही. अशा वेळी कायदा काय सांगतो, हे जाणकाराला विचारावे लागते. परंतु विचारायला घराबाहेर पडताच आले नाही तर? परक्या पुरुषाशी बोलण्याची मुभाच नसेल, तर आपली तक्रार सांगायची कोणाला? सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या देशातील असंख्य स्त्रियांपुढे हा प्रश्न होता. तो सोडवण्यासाठी कॉर्नेलिया सोराबजी यांनी आपले आयुष्य वेचले.

कॉर्नेलिया यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. त्यांचे वडील मूळचे पारशी. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. आई फ्रान्सिना यांना शिक्षणाची फार आवड होती. त्यांनी पुण्यात मुलामुलींसाठी इंग्रजी शाळा काढली. मराठी आणि उर्दू माध्यमाच्या मुलांच्या शिक्षणासाठीही त्या झटल्या. अडल्यानडलेल्या बायका त्यांच्याकडे सल्ला विचारायला येत असत.

एकदा काठेवाडातील एक श्रीमंत विधवा त्यांच्याकडे आली. तिने आपला सर्व कारभार एका विश्वासू माणसाच्या हाती सोपवला होता. त्याच माणसाने कागदपत्रांच्या जोरावर तिची मालमत्ता गिळंकृत केली होती. कागदावर सही तिचीच होती. त्यामुळे तिला काहीच करता येईना. हा प्रसंग लहान कॉर्नेलियाच्या मनावर खोल कोरला गेला. अशा स्त्रियांना मदत करायची असेल तर कायदा शिकला पाहिजे, हे आईने तिला समजावले. त्या दिवसापासून तिच्या आयुष्याची दिशा ठरली.

कॉर्नेलिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाल्या. मुंबई विद्यापीठाची पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. परीक्षेत त्यांनी इतके उत्तम यश मिळवले, की इंग्लंडमधील शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती त्यांनाच मिळायला हवी होती. परंतु त्या स्त्री आहेत, एवढ्याच कारणावरून ती नाकारण्यात आली. तेव्हा इंग्लंडमधील काही सहृदय लोकांनी वर्गणी गोळा केली. प्रसिद्ध परिचारिका फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही तीत वाटा उचलला. १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डला पोहोचल्या.

तेथे त्या कायदा शिकू लागल्या. कायद्याच्या उच्च परीक्षेला बसण्यासाठी विद्यापीठाची खास परवानगी घ्यावी लागली. १८९२ मध्ये त्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या. यापूर्वी ऑक्सफर्डमध्ये एकही स्त्री या परीक्षेला बसली नव्हती. पण पदवी मात्र त्यांना मिळाली नाही, कारण त्या काळी ऑक्सफर्ड विद्यापीठ स्त्रियांना पदवी देतच नव्हते.

१८९३ मध्ये त्या मायदेशी परतल्या. काठेवाड आणि इंदूरकडील संस्थानांत त्यांना काही स्त्रियांची कामे मिळाली. तेथील ब्रिटिश अधिकाऱ्यांपुढे बाजू मांडण्याची खास सनदही मिळाली. मात्र इतर न्यायालयांचे दरवाजे बंदच राहिले. म्हणून त्यांनी मुंबई विद्यापीठाची एलएल. बी. परीक्षा दिली. पुढे अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षाही दिली. दोन्ही परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या. तरीही वकील म्हणून त्यांना मान्यता मिळेना. ज्ञान होते, पण काम करण्याचा अधिकार नव्हता.

दुसरा कोणी असता तर निराश झाला असता. कॉर्नेलिया यांनी वेगळा मार्ग शोधला. न्यायालयात उभे राहता येत नसेल, तर जिला सल्ल्याची गरज आहे तिच्या घरी आपणच जावे, असे त्यांनी ठरवले.

ही गरज किती मोठी होती, ते समजून घेऊ. एखादा जमीनदार मरण पावला आणि त्याचा वारस लहान असला किंवा मालमत्ता स्त्रीकडे आली, तर त्या जमीनदारीची व्यवस्था सरकार आपल्या हाती घेई. या व्यवस्थेला ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स’ म्हणत. कागदोपत्री व्यवस्था चांगली होती. पण घरातील विधवा पडदानशीन असे. सरकारी अधिकारी पुरुष, कारभारी पुरुष आणि वकीलही पुरुष. तिचे म्हणणे मध्यस्थामार्फतच बाहेर जाई आणि बाहेरची गोष्ट मध्यस्थामार्फतच आत येई. मध्यस्थ लबाड निघाला की सारेच संपले. कागद पडद्याआड जाई, त्यावर सही किंवा अंगठा उमटे आणि तो परत येई. आत काय लिहिले आहे, हे तिला ठाऊकही नसे.

कायद्याला ही अडचण अगदीच माहीत नव्हती, असे नाही. पडदानशीन स्त्रीने केलेल्या दस्तऐवजाबद्दल न्यायालये विशेष काळजी घेत. त्या दस्तऐवजाचा फायदा घेणाऱ्याला हे सिद्ध करावे लागे, की तिने तो नीट समजून आणि स्वतःच्या इच्छेने केला आहे. पण हे संरक्षण न्यायालयापर्यंत पोहोचणाऱ्या स्त्रीला मिळे. जिला आपला हक्कच माहीत नाही, ती तेथवर पोहोचणार कशी?

१९०२ पासून कॉर्नेलिया यांनी सरकारकडे अर्ज केले. अशा स्त्रियांसाठी स्त्री कायदेसल्लागार नेमावी, ही त्यांची मागणी होती. १९०४ मध्ये बंगालच्या ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स’मध्ये त्यांची नेमणूक झाली. पुढे बंगाल, बिहार, ओरिसा आणि आसाम असा मोठा प्रदेश त्यांच्याकडे आला. आगगाडी, नाव, पालखी, हत्ती, मिळेल त्या वाहनाने त्या दूरच्या वाड्यांत आणि हवेल्यांत जात. त्या स्त्री असल्यामुळे जनानखान्यात त्यांना प्रवेश मिळे. तेथे त्या हिंदू व मुसलमान स्त्रियांजवळ बसून त्यांची हकीकत ऐकून घेत.

तक्रारी रोजच्याच असत. कोणाला ठरलेली पोटगी मिळत नसे. कोणाच्या दागिन्यांवर नातेवाइकांचा डोळा असे. कोठे दत्तकाचा वाद, तर कोठे लहान वारसाच्या जिवाची काळजी. कॉर्नेलिया कागदपत्रे वाचून त्यांचा अर्थ सोप्या भाषेत सांगत. कोणता हक्क आहे आणि कोणता नाही, हेही स्पष्ट करीत. शक्य असेल तेथे घरातच समेट घडवून आणीत. नाही तर सरकारकडे अहवाल पाठवीत. मुलांचे शिक्षण आणि बायकांचे आरोग्य यांकडेही त्या लक्ष देत. सुमारे वीस वर्षांत त्यांनी अंदाजे सहाशे स्त्रिया व अनाथ मुले यांना मदत केली. कित्येकांकडून त्यांनी मोबदलाही घेतला नाही.

अखेर काळ बदलला. १९२० पासून ऑक्सफर्ड विद्यापीठ स्त्रियांना पदव्या देऊ लागले. परीक्षा दिल्यानंतर तब्बल तीस वर्षांनी, म्हणजे १९२२ मध्ये, कॉर्नेलिया यांनी आपली पदवी स्वीकारली. १९२३ च्या कायद्याने भारतात स्त्रियांना वकिली करण्याचा अधिकार मिळाला. १९२४ मध्ये त्यांनी कलकत्त्यात वकिली सुरू केली. तेव्हा त्यांचे वय सत्तावन्न होते. पुरुष वकिलांनी व न्यायाधीशांनी त्यांना मनापासून स्वीकारले नाही. त्यामुळे बहुतेक काळ त्यांना लेखी सल्ला देण्याचेच काम करावे लागले. १९२९ मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि लंडनला स्थायिक झाल्या. तेथेच ६ जुलै १९५४ रोजी त्यांचे निधन झाले.

कॉर्नेलिया यांची सर्वच मते सर्वांना पटली नाहीत. गांधीजींच्या चळवळीला त्यांनी विरोध केला. ब्रिटिश राज्य टिकावे, असे त्यांना वाटे. यामुळे अनेक देशबांधव त्यांच्यावर नाराज झाले. पण त्यांचे काम त्यामुळे लहान ठरत नाही. कायदा पुस्तकात असून भागत नाही, तो गरजू माणसाच्या दारापर्यंत न्यावा लागतो, हे त्यांनी करून दाखवले.

वकील, दावा, हक्क, वारस, अर्ज, दस्तऐवज हे शब्द तुम्हांला उर्दूतूनही माहीत आहेत. आपल्या घरांत ते अनेकदा ऐकू येतात, पण अडचण आली की पुढे काय करावे, हे सुचत नाही. आज कायद्याचा सल्ला मिळवणे पूर्वीइतके कठीण राहिलेले नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाने गरिबांना मोफत कायदेशीर मदतीची सोय केली. स्त्रिया आणि मुले यांना तर उत्पन्नाची अटही नाही. जिल्ह्याच्या न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याला विधी सेवा समिती असते. तेथे अर्ज करता येतो. घरात कोणी वृद्ध किंवा न शिकलेले असेल आणि त्यांच्यापुढे सहीसाठी कागद आला, तर तुम्ही तो आधी वाचून दाखवा. समजला नाही, तर जाणकाराला विचारा आणि मगच सही होऊ द्या. काठेवाडच्या त्या विधवेजवळ तो कागद वाचून दाखवणारे कोणी नव्हते.