जमिनीपर्यंत अखंड तार

बेंजामिन फ्रँकलिन म्हटले की आपल्याला आठवतो तो पतंग. काळे ढग, दोरीला बांधलेली किल्ली आणि बोट पुढे करून उभा राहिलेला एक गृहस्थ, हे चित्र शाळेपासून आपल्या मनात ठसलेले आहे. मला मात्र त्याच्या आयुष्यातली दुसरीच वस्तू अधिक मोलाची वाटते. ती म्हणजे त्याच्या फिलाडेल्फियातल्या घराच्या धुराड्यावरून निघून, जिन्यालगत खाली उतरून पाण्याच्या पंपाच्या लोखंडी दांड्याला जोडलेली एक तार. आज आपल्या प्लगमध्ये जी तिसरी, जाड पिन असते, तिचे नाते या तारेशी आहे.

फ्रँकलिनचा जन्म १७०६ साली बोस्टनमध्ये झाला. वडील मेणबत्त्या आणि साबण करीत. सतरा मुलांच्या त्या घरात हा पंधरावा. शाळा जेमतेम दोन वर्षे झाली आणि बाराव्या वर्षी तो थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारीला लागला. भावाशी पटेना म्हणून १७२३ मध्ये पळून फिलाडेल्फियाला गेला. तिथे छापखाना, वर्तमानपत्र आणि दरवर्षी निघणारे पंचांग यांवर त्याने एवढी कमाई केली की १७४८ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, धंद्यातून अंग काढून घेतले. पुढे तो मुत्सद्दी झाला, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याची सही झाली, हे सर्वश्रुत आहे. मधल्या थोड्या वर्षांत त्याने विजेचा जो ध्यास घेतला, त्याचे ऋण मात्र आपण रोज वापरतो आणि विसरतो.

विजेचा धक्का काय असतो, हे त्याने स्वतः अनुभवले होते. १७५० च्या नाताळच्या सुमारास टर्की हा पक्षी विजेच्या धक्क्याने मारून दाखवण्याचा घाट त्याने घातला. वीज साठवणाऱ्या काचेच्या दोन मोठ्या बरण्या भरून ठेवल्या होत्या. बोलण्याच्या नादात त्याचा एक हात बरण्यांच्या वरच्या तारांना लागला आणि दुसऱ्या हातात बाहेरच्या बाजूला जोडलेली साखळी होती. सारी वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातात गेली. क्षणभर त्याची शुद्ध हरपली, सगळे अंग थरथरले. हात आणि मान दुसऱ्या सकाळपर्यंत बधिर होते. शरीर हीच विजेची वाट झाली की काय होते, याचा धडा त्याला असा मिळाला. विजेला दुसरी, सोपी वाट द्यायची, ही त्याच्या पुढच्या कामाची दिशा होती.

१७५२ चा मे महिना. त्याने सुचवलेला प्रयोग फ्रान्समध्ये मार्ली गावी यशस्वी झाला आणि आकाशातली वीज ही बरणीतल्या विजेचीच मोठी बहीण, हे सिद्ध झाले. त्याचा स्वतःचा पतंगाचा प्रयोग पुढच्याच महिन्यातला. पतंगावर वीज कोसळली, ही समजूत चुकीची आहे. कोसळली असती तर तो वाचता ना! ढगातला थोडा विद्युतभार ओल्या दोरीतून किल्लीपर्यंत उतरला, एवढेच. हातात धरलेली रेशमी फीत मात्र त्याने कोरडी राखली होती.

१७५३ च्या पंचांगात त्याने घरांच्या रक्षणाची कृती छापून टाकली. छपरापेक्षा उंच लोखंडी सळई उभारावी आणि तिचे खालचे टोक तीन-चार फूट ओलसर जमिनीत पुरावे. या शोधाचे पेटंट त्याने घेतले नाही. जो मागेल त्याला ही विद्या फुकट.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रशियातल्या सेंट पीटर्सबर्ग इथे जॉर्ज रिखमान हा शास्त्रज्ञ असाच प्रयोग करीत होता. वीज मोजायची म्हणून त्याने सळई जमिनीला जोडलेलीच नव्हती. ढग गडगडत असताना तो उपकरण पाहायला जवळ गेला. सळईतून उडालेला लोळ थेट त्याच्या कपाळावर आला. रिखमान जागीच गेला. सळई तीच, आकाश तेच. फक्त जमिनीपर्यंतची वाट तुटलेली होती आणि ती पुरी केली माणसाच्या देहाने.

अशी एक छोटी फट फ्रँकलिनच्या घरातही होती. प्रयोगासाठी त्याने जिन्यातली तार मध्येच तोडून दोन टोकांना दोन घंटा बांधल्या होत्या. विद्युतभारित ढग वर आले की मधली पितळी गोळी दोन्हींवर आपटे आणि घंटा वाजू लागत. तो लंडनला असताना पत्नी डेबोरा या घंटानादाने भेदरून जाई. १७५८ मध्ये त्याने तिला पत्राने उपाय कळवला : दोन घंटांमध्ये एक तार बांधून टाक, म्हणजे वीज मुकाट्याने खाली जाईल. अर्थिंगचे सारे शास्त्र मला या घरगुती सल्ल्यात दिसते.

आपल्या घरातली वीज ढगातून येत नाही, पण न्याय तोच. गीझर किंवा इस्त्रीच्या आतली जिवंत तार सुटून धातूच्या कवचाला टेकली, तर तिसऱ्या पिनेची तार त्या विजेला परतीची सोपी वाट देते. प्रवाह एकदम वाढतो, फ्यूज उडतो आणि धोका टळतो. ती तार तुटलेली असेल तर वीज दबा धरून बसते, आणि ओल्या हाताने नळ उघडणारा माणूस तिची वाट होतो. जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा जोर ओसरतो. म्हणून जुनेजाणते वायरमन खड्ड्यात कोळसा-मीठ घालतात आणि उन्हाळ्यात पाणी ओतायला सांगतात. फ्रँकलिनची ‘ओलसर जमीन’ ती हीच. आता तीस मिलिअँपिअरची गळती दिसताच वीज तोडणारे यंत्रही मिळते. ते बसवावेच, पण अर्थिंगला पर्याय म्हणून नव्हे, तर तिच्या जोडीला.

फ्रँकलिन १७९० साली, चौऱ्याऐंशीव्या वर्षी वारला. तीन पिनांचा प्लग दोन भोकांत बसत नाही म्हणून आपण सर्रास तिसरी पिन मोडतो किंवा अडॅप्टर लावून तिला लटकती ठेवतो. ती पिन मोडणे म्हणजे रिखमानच्या सळईखाली हात धरून उभे राहणे. आज रविवार आहे, थोडी सवड असेल. वायरमनला बोलावून घरातली अर्थिंग जमिनीपर्यंत अखंड आहे ना, एवढे तपासून घ्यावे.