गाडीतला गारवा आणि थॉमस मिजली

उन्हाळा तापला की जुन्या गाडीच्या मालकांची एक तक्रार ठरलेली असते. ब्लोअर जोरात चालतो, पण हवा जेमतेम गार येते. सिग्नलला गाडी थांबली की तीही कोमट होते. मग मेकॅनिककडे जाऊन गॅस भरून घेतला जातो. महिना-दोन महिने बरे जातात आणि पुन्हा तेच. हा गॅस गाडीत पोहोचला तो थॉमस मिजली या अमेरिकन संशोधकामुळे. त्यांच्या आयुष्यातून जुन्या एसीबद्दलही काही शिकण्यासारखे आहे.

मिजली यांचा जन्म १८८९ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यातला. १९११ मध्ये त्यांनी कॉर्नेल विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. रसायनशास्त्र त्यांनी पुढे कामाच्या गरजेने आत्मसात केले. १९१६ पासून ते ओहायो राज्यातील डेटन येथे चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली काम करू लागले. त्या काळी मोटारीच्या इंजिनात पेट्रोल वेळेआधी पेट घेई आणि इंजिन ठोके देई. त्यावर मिजली यांनी एकामागून एक रसायने तपासली. १९२१ च्या डिसेंबरात टेट्राइथाइल लेड, म्हणजे शिसे असलेले एक द्रव्य, कामी आले. पेट्रोलमध्ये ते थोडेसे मिसळले की ठोके बंद होत.

शिसे विषारी असते हे वैद्यकाला तेव्हाही नवीन नव्हते. खुद्द मिजली यांनाच त्याची बाधा झाली आणि १९२३ च्या सुरुवातीला त्यांना विश्रांतीसाठी फ्लोरिडाला जावे लागले. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात हे द्रव्य बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. त्यानंतर मिजली यांनी पत्रकारांसमोर ते द्रव्य हातांवर ओतून घेतले आणि त्याची वाफ हुंगून दाखवली. आपल्याला लगेच काही झाले नाही, एवढेच त्यातून सिद्ध झाले. धुरातून बाहेर पडणारे शिसे पुढे अनेक दशके मुलांच्या रक्तात उतरत राहिले. त्याने मेंदूची वाढ आणि बुद्धी यांचे नुकसान होते, हे नंतर स्पष्ट झाले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडले.

१९२८ मध्ये केटरिंग यांनी त्यांच्याकडे दुसरे काम सोपवले. त्या काळच्या फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साइड, अमोनिया किंवा मिथाइल क्लोराइड भरलेले असे. गळती झाली की घरातल्या माणसांच्या जिवावर बेते. विषारी नसलेला आणि पेट न घेणारा वायू हवा होता. मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही दिवसांतच क्लोरिन, फ्लोरिन आणि कार्बन यांचे संयुग शोधले. त्याचे बाजारातले नाव फ्रिऑन, तांत्रिक नाव आर-१२. १९३० मध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत त्यांनी हा वायू छातीत भरून घेतला आणि त्याच फुंकरीने मेणबत्ती विझवली. वायू विषारी नाही आणि जळत नाही, ही दोन्ही उत्तरे एका श्वासात मिळाली.

या वेळी उत्तर खरेही होते. घरातला फ्रिज सुरक्षित झाला, अन्न आणि औषधे टिकू लागली. १९४० च्या मॉडेलपासून पॅकार्ड कंपनीच्या मोटारीत कारखान्यातूनच बसवलेला एसी मिळू लागला. त्याची यंत्रणा डिकीतली बरीच जागा खाई. कॉम्प्रेसर बंद करायचा तर इंजिन थांबवून पट्टा काढावा लागे.

१९४० मध्येच, वयाच्या ५१व्या वर्षी, मिजली यांना पोलिओ झाला. पोलिओची लस यायला अजून पंधरा वर्षे होती. पाय निकामी झाले. बिछान्यातून स्वतःला उचलता यावे म्हणून त्यांनी दोऱ्या आणि कप्प्यांची एक यंत्रणा बनवली. १९४४ च्या नोव्हेंबरात त्याच दोऱ्यांत गळा आवळला जाऊन त्यांचा मृत्यू झाला. त्या वर्षी ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष होते आणि विज्ञानातले मोठे सन्मान त्यांच्या नावावर होते.

आर-१२ चा दोष त्यांच्या हयातीत कोणाला ठाऊक नव्हता. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड यांनी दाखवले, की हा वायू खाली कशाशीच संयोग पावत नाही आणि म्हणूनच वर्षानुवर्षे टिकून उंच वातावरणात पोहोचतो. तिथल्या अतिनील किरणांनी तो फुटतो आणि मोकळा झालेला क्लोरिन ओझोनचा थर कुरतडतो. ओझोन विरळ झाला की अतिनील किरण जास्त प्रमाणात जमिनीपर्यंत येतात. त्वचेचा कर्करोग आणि मोतीबिंदू यांचा धोका वाढतो. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि नव्या गाड्यांत क्लोरिन नसलेला आर-१३४ए आला. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण हवेत सुटला तर पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून पुढे जातो.

जुन्या गाडीचा प्रश्न इथेच येऊन मिळतो. नव्वदच्या दशकातल्या काही गाड्यांचे एसी आर-१२ साठी बनलेले होते. पुढे त्यांत नुसता नवा गॅस भरला गेला. पण आर-१३४ए ला उष्णता बाहेर टाकायला मोठा कंडेन्सर लागतो. जुने तेल त्यात मिसळत नाही, त्यामुळे कॉम्प्रेसरला वंगण कमी पडते. बाहेर ४२-४३ अंश असताना असा एसी हात टेकतो, यात नवल नाही.

बाकीच्या जुन्या गाड्यांत कारणे साधी असतात. एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, तो बंद नळ्यांत फिरत राहतो. रबरी पाइपांतून वर्षानुवर्षे थोडा झिरपतो, पण दोन महिन्यांत कमी झाला तर नक्कीच गळती आहे. आधी ती शोधावी, सील किंवा पाइप बदलावा, व्हॅक्यूम करून ओलावा काढावा आणि मग कंपनीने सांगितलेल्या वजनाइतकाच गॅस भरावा. जास्त भरला तरी गारवा कमीच होतो. सिग्नललाच हवा कोमट होत असेल तर कंडेन्सरवरची धूळ आणि पुढचा पंखा पाहावा. हवेचा झोतच कमी असेल तर केबिन फिल्टर बदलावा. उरलेला गॅस हवेत न सोडता यंत्राने काढून घेणाऱ्या गॅरेजातच काम करावे. गॅसच्या फवाऱ्याने त्वचा आणि डोळे गोठू शकतात, म्हणून हे काम घरी करू नये.

हा केवळ चैनीचा विषय नाही. वृद्ध, लहान मुले, हृदयरोगी आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे यांना तापलेल्या बंद गाडीत उष्माघात लवकर गाठतो. उन्हात उभी असलेली गाडी आधी काचा उघडून दोन-तीन मिनिटे चालवावी आणि मग एसी लावावा. आतलीच हवा फिरवण्याचे बटण गारवा वाढवते, पण लांबच्या प्रवासात अधूनमधून बाहेरची हवा आत घ्यावी, नाहीतर चालकाला सुस्ती येते. एसी चालू ठेवूनही मुलांना गाडीत एकटे सोडू नये.

मिजली यांनी समोरच्या माणसाला काय होते ते स्वतःच्या छातीवर तपासले. सुटलेला वायू पुढे कुठे जातो, हा प्रश्न त्या सभेत कोणी विचारला नाही. गॅस भरून घेताना आज तो विचारता येतो: आधीचा गॅस गेला कुठून?