अर्देशीर कर्सेटजी वाडिया

तापीकाठच्या सुरतेतील जहाजबांधणीचे कसब लवजी नसरवानजी वाडिया यांनी १७३६ साली मुंबईस आणले. त्यांच्याच वंशात १८०८ साली अर्देशीर जन्मले. त्या काळी शिडाच्या जहाजांचे दिवस सरत चालले होते. नुसत्या पिढीजात विद्येवर आता निभाव लागणार नाही, हे अर्देशीरांनी ओळखले. त्यांनी एका अश्वशक्तीचे वाफेचे यंत्र स्वतः घडविले व विहिरीचे पाणी चढवून घराजवळ कारंजे उडविले. १८३४ साली माझगावचे आपले घर व बाग त्यांनी गॅसच्या दिव्यांनी उजळली. १८३९ साली ते अधिक अभ्यासासाठी विलायतेस गेले. १८४१ साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले. पुढे मुंबईच्या सरकारी वाफयंत्र कारखान्याचे प्रमुख म्हणून त्यांनी युरोपीय कारागिरांकडूनही काम करवून घेतले. १८७७ साली इंग्लंडात त्यांचे देहावसान झाले.

पूर्वजांचे कसब त्यांनी टाकले नाही. त्यात नव्याची भर घालून ते जगविले. घरातील जुने घड्याळ वा शिवणयंत्र अडगळीत टाकण्यापूर्वी, वडीलधाऱ्यांच्या अनुमतीने, आपणही ते एकदा उघडून पाहावे, असे आम्हांस वाटते.